विकतचा कौल

जाहिरातीवर माझा राग नाही. हा दिवाळी अंक आपल्या हाती पडला आहे तो सराफांच्या, साबणवाल्यांच्या आणि बँकांच्या जाहिरातींच्या आधारावर, हे मला पक्के ठाऊक आहे. पण त्या जाहिरातीला चौकट असते. चौकटीच्या आत दुकानदार बोलतो आहे आणि बाहेर लेखक, हे घरातल्या पोरालाही कळते. माझे भांडण आहे ते ही चौकट पुसून टाकणाऱ्यांशी.

अमेरिकेत २००४ साली ‘डिग’ नावाचे एक संकेतस्थळ निघाले आणि पुढच्याच वर्षी ‘रेडिट’. कल्पना मोठी लोभस होती. बातमी, लेख, चित्र, जे काही आवडले त्याचा दुवा वाचकानेच आणून लावायचा. इतरांनी पसंतीचे मत टाकायचे. ज्याला मते अधिक, ते पहिल्या पानावर. संपादकाची मर्जी नाही की कोणाचा वशिला नाही. गावच्या पारावर चारचौघे वाखाणतील ते वर चढणार! नको ते खाली ढकलण्याचीही सोय होती. डिगवर तिला ‘पुरणे’ म्हणत.

पहिल्या पानावर झळकले की वाचकांची झुंबड उडते, हे कळायचा अवकाश, व्यापारी धावले. मते विकणारे दलाल निघाले. २००७ साली पत्रकार ॲनाली न्यूविट्स यांनी ‘वायर्ड’साठी एक प्रयोग केला. गर्दीच्या छायाचित्रांचे एक मुद्दाम रटाळ पान तयार केले आणि दलालाला पैसे मोजून त्याला मते मिळवून दिली. ते पान डिगवर चक्क लोकप्रिय झाले! पुढे वाचकांनी ते पुरले, ही गोष्ट वेगळी. तिच्याकडे मी येणारच आहे.

“यात बिघडले काय? आपल्या मालाचा गवगवा कोण करीत नाही?” असे जाहिरातशास्त्राचे पंडित विचारतात. बिघडले ते असे : परक्या माणसाने वाखाणलेली गोष्ट मी वाचायला घेतो, कारण त्याला त्यात काही मिळायचे नसते. एवढ्या एकाच भांडवलावर हा सारा पार उभा. खोट्या हुंड्या बाजारात आल्या की पेढीवाला खऱ्या हुंडीकडेही संशयाने पाहू लागतो. भाडोत्री मताने मी एकदा फसतो. पण त्यानंतरच्या प्रामाणिक शिफारशीला मी दारात उभी करीत नाही. त्या बिचारीचा काय अपराध?

या पारावरची मंडळी उद्धट, अशीही तक्रार असते. आपलाच माल पुन्हा पुन्हा आणून मांडणाऱ्याची ती टिंगल करतात, त्याला हुसकावतात. क्वचित एखाद्या निरपराध नवख्यालाही दटावतात, ते वाईटच. पण रटाळ पान पुरले ते याच मंडळींनी. रेडिटवर कित्येक वर्षे एक संकेत होता : स्वतःचा दुवा एक, तर दुसऱ्यांचे नऊ. मला तो फार आवडतो. नऊ घरचा फराळ आधी चाखावा, मग आपल्या करंज्यांची ताटली पुढे करावी!

आणि मालक? त्यांच्या गळ्यात कोणी माळ घालू नये. रेडिटच्या संस्थापकांनी आरंभी खोट्या नावांनी स्वतःच दुवे टाकले होते, पार भरलेला दिसावा म्हणून. पुढे तसे त्यांनी सांगितलेही. डिगच्या मालकांनी तर कमाल केली. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी संकेतस्थळाला नवे रूप दिले. त्यात ‘पुरण्या’ची सोय काढून टाकली आणि प्रकाशकांना आपला मजकूर आपोआप ओतण्याची मुभा दिली. राखणदाराची काठी काढून घ्यायची आणि वर वेसही सताड उघडी ठेवायची, याला व्यवहार म्हणायचे?

वाचक खवळले. त्यांनी डिगचे पहिले पान रेडिटच्याच दुव्यांनी भरून टाकले आणि पुष्कळ जण उठून तिकडे चालते झाले. २००८ साली गूगल हे डिग वीस कोटी डॉलरांना घेणार, अशा बातम्या होत्या. जुलै २०१२ मध्ये त्याचे नाव आणि संकेतस्थळ विकले गेले, ते सुमारे पाच लाखांना, असे तिकडच्या वृत्तपत्रांनी छापले.