बंद रेल्वेमार्ग आणि पायवाट

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी वाट करणे म्हणजे गाडीच्या पुनरागमनाची आशाच कायमची गाडणे होय, असा जो आक्षेप गेल्या अंकातील पत्रलेखकांनी मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वेच्या संदर्भात घेतला आहे, तो कळकळीचा असला तरी सयुक्तिक नाही. आम्हां रेवदंडेकरांना पेण वा रोहे गाठल्यावाचून उतारूंची आगगाडी नाही (पेणहून थळला गेलेला रूळ खतकारखान्याचा माल वाहतो!), तेव्हा गाडीची किंमत आम्हांस कोणी शिकवावयास नको. परंतु वहिवाट मोडलेल्या जमिनीवर अतिक्रमणे झाली, की दफ्तरी नोंद कितीही पक्की असो, अखंड पट्टा पुन्हा हाती येणे दुरापास्त; वाट वापरात राहिली, तर तो शाबूत राहतो. म्हणूनच अमेरिकेने १९८३ साली कायद्याने अशा वाटांखालील भूमी भावी रेल्वेसाठी राखण्याची तजवीज केली. इंग्लंडातील अशाच ब्रिस्टल–बाथ वाटेच्या बांधणीत तर स्वयंसेवकांनी स्वतः श्रमदान केले. मात्र झाडझाडोरा तोडण्याची व मोऱ्यांच्या डागडुजीची जबाबदारी कोणाची, याचा लेखी करारनामा आधी व्हावा, ही पत्रलेखकांची अट मला सर्वस्वी मान्य आहे.

आपला नम्र,
एक वाचक, रेवदंडा