माफीची जकात कोण भरतो?

‘जकात माफ’ हे शब्द ऐकले, कीं गरिबाच्या जिवाला बरें वाटतें. पण माफी कोणाला आणि तिचा भार कोणावर, हें शेतकरी व कारागीर बंधूंनीं आधीं पाहावें, अशी आमची विनंति आहे.

परदेशी माल देशांत येतांना सरकार जी जकात घेतें, ती न घेणें म्हणजे जकातमाफी. विमानतळावरील दुकानांत अत्तर व दारू अशा माफीनें विकतात. तेथें आमचे बंधु क्वचितच जातात. पण माफी बाजारपेठेंत आली, कीं ती आमच्या चुलीपर्यंत पोंचते.

१८८२ सालीं इंग्रज सरकारनें विलायती कापडावरील जकात उठविली. फायदा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा. घाव आधींच खचलेल्या कोष्टी-साळ्यांच्या मागांवर! पुढें जकात परत आली, तेव्हां तिच्या जोडीला १८९६ सालीं देशी गिरण्यांच्या कापडावरही शेंकडा साडेतीन कर बसविला.

आतां स्वराज्य आहे. तरी २०२५ सालीं १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत परदेशी कापसावरील शेंकडा ११ जकात माफ झाली. अमेरिकेच्या जबर जकातीनें गिरण्यांचा माल अडला, त्यांना स्वस्त रुई हवी, हें आम्हांस कळतें. पण तेच दिवस वऱ्हाडांत कापूस वेचणीचे! गिरणीची अडचण शेतकऱ्याच्या भावांतून कां भागवावी? माफी द्यावयाची, तर आमचा कापूस हमीभावानें विकला गेल्यावर द्यावी. हें मागणें भीक नव्हे, हक्क आहे.