महाराज पडद्यावर हरला, गावकीचे काय?

जयदीप अहलावत या नटाने 'महाराज' या चित्रपटात जदुनाथ महाराजाची भूमिका केली आणि ती गाजली. 21 जून 2024 रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या या चित्रपटाबद्दल बोलताना नटाने सुमारे 26 किलो वजन कसे उतरवले, याचीच चर्चा फार झाली. त्याच्या मेहनतीचे कौतुक झालेच पाहिजे. आवाज न चढवता, गालातल्या गालात हसत भक्ताला गुलाम करणारा महाराज त्याने नेमका उभा केला आहे. पण असा महाराज मुळात उभा राहतो कोणाच्या जोरावर? हा प्रश्न वजनाच्या चर्चेत दडपला गेला!

मूळ घटना मुंबईची. वल्लभ संप्रदायाचे महाराज भक्तांच्या बायका-मुली नासवतात, असा जाहीर आरोप करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रातून 21 ऑक्टोबर 1860 रोजी केला. जदुनाथ महाराजाने 50 हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कोर्टात उभे राहून महाराजाच्या गुप्तरोगाची साक्ष दिली. 22 एप्रिल 1862 रोजी निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. जे नीतीच्या विरुद्ध आहे ते धर्माला धरून असूच शकत नाही, असे न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी बजावले.

खरी मेख पुढेच आहे. सुनावणी सुरू होण्यापूर्वी भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी जात जमवली आणि महाराजाविरुद्ध साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकण्याचा ठराव केला. करसनदासांनी त्यांनाही कोर्टात खेचले आणि त्यांना दंड झाला. म्हणजे महाराजाच्या रक्षणाला देव धावला नाही, जात धावली! आणि 2024 मध्ये चित्रपट येताच संप्रदायाचे अनुयायी गुजरात उच्च न्यायालयात गेले. प्रदर्शन आठवडाभर अडले. न्यायमूर्तींनी चित्रपट पाहिला, तेव्हा स्थगिती उठली.

रायगडच्या किनाऱ्यावरील माणसाला हे शस्त्र नवे नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. त्याला उत्तर म्हणून सत्याग्रहींना मारहाण झाली आणि गावोगाव आपल्या माणसांवर बहिष्कार पडला. पूर्वापार रूढीचा आधार घेऊन सवर्ण कोर्टात गेले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध झाली नाही, असा निकाल दिला. मुंबईचा महाराज काय, महाडचे धर्ममार्तंड काय, साक्षीपुराव्याच्या उजेडात दोघांचेही पितळ उघडे पडले. फरक एवढाच, की करसनदासांना धर्म शुद्ध करायचा होता. बाबासाहेबांनी त्याच महाडात 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळून विषमतेच्या मुळावरच घाव घातला.

मूळ मात्र अजून जिवंत आहे. याच रायगड जिल्ह्यातून गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या. दुकानदाराने माल द्यायचा नाही, लग्नाला बोलवायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही! अशा प्रकारांमुळेच महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण साक्ष द्यायलाच कोणी पुढे आले नाही तर कायदा काय करणार? भाटियांचा तो ठराव आज कागदावर लिहावा लागत नाही. तो प्रत्येकाच्या भीतीत लिहिलेला असतो.

नटाला टाळ्या वाजवणे सोपे आहे. वाळीत टाकलेल्या शेजाऱ्याच्या ओटीवर दिवसाढवळ्या बसून चहा पिणे आणि उद्या पोलीस ठाण्यात त्याच्या बाजूने जबाब देणे अवघड आहे. महाडचा वारसा सांगणाऱ्यांनी हे अवघड काम अंगावर घेतले पाहिजे. साक्षीदार मिळाला की महाराज पडतो आणि गावकीही पडते!