धडगावचं 'घडगाव' का होतं? पिक्सेल फॉन्ट आणि मराठीचं गणित

जुन्या व्हिडिओ गेमसारखी जाडजूड, चौकोनी ठोकळ्यांची अक्षरं सध्या रील्स, पोस्टर आणि थंबनेलवर पुन्हा दिसू लागली आहेत. पण त्याच फॉन्टमध्ये 'नंदुरबार' टाइप केलं, की अनेकदा साधीच अक्षरं उमटतात. असं का होतं?

फॉन्टमध्ये मराठी असतेच असं नाही

'प्रेस स्टार्ट टू पी' हा या शैलीतला लोकप्रिय मोफत फॉन्ट. १९८० च्या दशकातल्या आर्केड गेमच्या अक्षरांवर तो बेतलेला आहे. त्यात रोमन, ग्रीक, सिरिलिक लिपी आहेत, देवनागरी नाही. मग फोन किंवा ब्राउझर गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतो.

देवनागरी बसवणं अवघड का?

इंग्रजी कॅपिटल अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांत मावतं. 'नंदुरबार'मध्ये मात्र वर अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये शिरोरेषा आहे. ८ ओळींच्या चौकटीत वर २, खाली २ आणि शिरोरेषेला १ ओळ दिली, तर मूळ अक्षराला उरतात फक्त ३.

जिल्ह्यातल्या नवापूर स्टेशनचा फलाट महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन राज्यांत विभागलेला आहे. तिथली शेजारची गुजराती लिपी शिरोरेषेशिवाय लिहिली जाते, म्हणजे तिची तेवढी एक ओळ वाचते.

चूक कुठे होते?

'ध' आणि 'घ' यांच्यातला मुख्य फरक म्हणजे शिरोरेषेतली छोटी फट. 'भ' आणि 'म'चंही तसंच. रेघ जाड केली की ही फट बुजते आणि धडगावचं 'घडगाव' होतं. 'अक्कलकुवा'तलं जोडाक्षर तुटलं, तर पाय मोडलेला 'क' वेगळा दिसतो.

याने काय बिघडतं?

पोस्टरवर फारसं काही नाही. पण ठिपक्यांची अक्षरं एलईडी पाट्यांवरही असतात, आणि तिथे सरकत्या अक्षरांतून गावाचं नाव क्षणभरात वाचावं लागतं. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची साक्षरता ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वात कमी होती. सराईत वाचक संदर्भावरून अंदाज बांधतो. अक्षर अक्षर जुळवून वाचणाऱ्याला ती सोय नसते.

उपाय आहे का?

आहे. चौकट मोठी करायची. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'युनिफॉन्ट'मध्ये १६ ओळींच्या चौकटीत देवनागरी अक्षरं बसवली आहेत. पण प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक चित्र, अशी त्याची रचना असल्याने जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. म्हणजे जागेसोबत जोडाक्षरांचे नियमही फॉन्टमध्ये आणि पाटीच्या सॉफ्टवेअरमध्ये असावे लागतात.

चाचणी सोपी आहे. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा ही तीन नावं टाइप करा आणि लांबून वाचा. तिन्ही न अडखळता वाचता आली, तरच तो फॉन्ट पाटीवर लावा.