पार्सल नेमके पोचणार कधी?

कुवेत शहराच्या पश्चिमेस, जहरा प्रांतात, अम्गरा नावाचा एक औद्योगिक भाग आहे. गोदामे, कारखाने आणि भंगाराचा मोठा बाजार ही त्याची ओळख. आमच्या बहुतेक वाचकांनी हे नाव ऐकलेही नसेल. कुवेतमध्ये आज सुमारे १० लाख भारतीय आहेत, त्यांत मराठी मंडळीही आहेत, आणि सण जवळ आला की त्यांनाही आपल्यासारखीच घरच्या चवीची ओढ लागते. पूर्वी ही ओढ पत्रातून व्यक्त होई. आता ती फोनवरून थेट चिपळूण, रत्नागिरी किंवा पुण्यातील एखाद्या स्वयंपाकघरात मागणी होऊन पोचते. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, कोकम, मेतकूट घरी करून विकणाऱ्या कितीतरी भगिनी आता परदेशची गिऱ्हाइके सांभाळतात. पैसे क्षणात पोचतात. माल मात्र कधी पोचेल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपल्या बेटावरचे लोकही त्याच स्वयंपाकघरांचे गिऱ्हाईक असल्यामुळे अम्गऱ्याची ही अडचण आम्हांस परकी वाटत नाही.

मुंबईहून कुवेतला विमान चार-एक तासांत जाते, आपल्याकडे यायला सुमारे सहा तास लागतात. म्हणजे पार्सलाचा वेळ हवेत जात नाही. तो जमिनीवर, थांबण्यात जातो. गावच्या टपालकचेरीतून निघालेला डबा आधी मोठ्या केंद्रात येतो. परदेशी जाणाऱ्या टपालाची जकात-तपासणी व्हावी लागते. मुंबईत हे काम बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाक भवनात चालते. मग त्या त्या देशाची थैली भरते, आणि थैलीला विमानात जागा मिळावी लागते. टपाल बहुधा उतारूंच्या विमानाच्या पोटातूनच जाते, त्यामुळे ज्या देशाकडे विमाने मोजकी तिकडची थैली अधिक खोळंबते. हे आपण बेटवासीयांस कोणी शिकवायला नको.

पलीकडे उतरल्यावर पुन्हा जकात, पुन्हा वर्गवारी. भारतात रविवारी सुटी, तर कुवेतमधील सरकारी कचेऱ्या शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतात. आठवड्यातले तीन दिवस असे कोणत्या ना कोणत्या टोकाला बंदचे. रमजानात कामाचे तास आणखी कमी होतात. शेवटचा टप्पा तर सर्वांत बिकट. कुवेतमध्ये पत्ता लिहायचा तो विभाग, ब्लॉक, रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असा. रत्नागिरीच्या सवयीने कोणी 'अमक्या कंपनीच्या गोदामामागे, अम्गरा' एवढेच लिहिले तर तो पत्ता झाला नाही. ज्या कामगाराला फक्त शुक्रवारी सुटी मिळते त्याने बंद कचेरीतून आपले पार्सल कसे सोडवावे? डबा देशात येऊन पडलेला आणि धनी चार कोसांवर असूनही त्याच्या हाती नाही, अशी ही गत आहे.

या साऱ्या काळात विकणारीचा जीव टांगणीला लागलेला असतो. पार्सलावर तेरा चिन्हांचा एक क्रमांक असतो: आरंभी दोन रोमन अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरे. त्यावरून माल कुठे आहे ते पाहता येते. परंतु भारतातून थैली निघाल्याची नोंद झाली की पलीकडे पोचल्याची नोंद होईपर्यंत मधे काहीच कळत नाही. गिऱ्हाईक समजते की बाईने पाठविलेच नाही. ते पैसे परत मागते, चार लोकांत वाईट बोलते. मोठ्या व्यापाऱ्याला एक डबा बुडाला तरी चालतो. महिन्याला वीस डबे पाठविणारीचा एक डबा बुडाला तर त्या महिन्याचे तेलतूप वाया गेले. चकली-शेवेस उशीर सोसवत नाही हे वेगळेच. उन्हात आठवडे काढलेल्या तळणाला खवट वास येतो, आणि असा माल पोचला तरी न पोचल्यासारखाच.

पुष्कळांचा सल्ला असतो की टपाल सोडा, खासगी कुरियर धरा. कुरियर लवकर पोचवते, हे खरे. पण त्याचा हिशेब निराळा. कुरियर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सामान्यतः ५००० ने भागतात, आणि जो आकडा मोठा त्याचे पैसे घेतात. तीस बाय तीस बाय वीसचा चिवड्याचा डबा काट्यावर दोन किलो भरला तरी बिल होते ३.६ किलोचे. म्हणजे आपल्या फराळातले हलके, फुगीर पदार्थच महागात पडतात. दरात टपाल परवडते म्हणूनच या भगिनी टपालाकडे येतात, हे टपालखात्याने विसरू नये.

एके काळी टपालाचा दिवस ठरलेला असे. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून बसऱ्यापर्यंत सरकारी डाक नेऊ लागल्या. कुवेतमध्ये १९१५ साली हिंदी टपालखात्याची कचेरी निघाली, आणि १९२३ पासून तेथे हिंदुस्थानचीच तिकिटे 'कुवेत' असा छाप मारून चालू लागली. या मार्गावरची अखेरची बोट, 'द्वारका', १९८२ मध्ये थांबली. बोट मंद होती, पण तिचे वेळापत्रक असे; कोणती डाक कोणत्या बोटीने जाईल हे लोकांस ठाऊक असे. (आपल्या पोर्ट लुईहून १८५० च्या जानेवारीत मुंबईस गेलेले, दोन एक-पेनी तिकिटे लावलेले पत्र आज जगातील अनमोल टपालवस्तूंत गणले जाते. त्याला पोचायला किती दिवस लागले याची कोणी तक्रार केली नसावी!) आमचे म्हणणे असे नाही की ते दिवस परत यावेत. वेग वाढला आणि खात्री गेली, एवढेच आमचे गाऱ्हाणे आहे.

खात्री कशी जाते याचा मोठा दाखला २०२५ च्या दिवाळीने दिला. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. जकात कोणी गोळा करायची आणि कशी भरायची याची व्यवस्था स्पष्ट नव्हती, म्हणून भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचे पार्सल घेणे थांबविले. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. दिवाळीचे लक्ष्मीपूजन त्याच महिन्याच्या २१ तारखेस होते. सहा दिवसांत अमेरिकेला फराळ कसा पोचावा? ज्यांनी आधीच मागण्या घेतल्या होत्या त्यांचा काय दोष होता? दोन सरकारांच्या भांडणात तळणाची कढई थंड पडली.

भारतीय टपालखाते काहीच करीत नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२२ पासून त्याने देशभर 'डाकघर निर्यात केंद्रे' उघडली आणि त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. छोट्या विक्रेत्याला तेथेच निर्यातीचे कागद भरता येतात, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. ही मोठी सोय आहे. परंतु कागद सोपे झाले म्हणजे दिवस नक्की झाले असे नव्हे. प्रत्येक देशास गेल्या तीन महिन्यांत पार्सले प्रत्यक्ष किती दिवसांत पोचली, लवकरात लवकर किती आणि उशिरात उशिरा किती, हे प्रत्येक केंद्राने फळ्यावर लावावे. आकडे खात्यापाशी आहेतच. प्रत्येक डब्यावर क्रमांक असतो आणि त्याच्या नोंदी होतात. आणि पलीकडील देशांनी, आपल्या बेटासह, जकातीत थांबलेल्या पार्सलाचे कारण त्याच क्रमांकासमोर लिहावे. 'थांबविले आहे' एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही.

विकणाऱ्या भगिनींकडूनही चुका होतात, त्या सांगितल्या पाहिजेत. जकात चुकविण्यासाठी विक्रीच्या मालावर 'भेट' असे लिहितात. तपासनीसाला संशय आला की डबा उघडला जातो, आठवडा जातो. 'फराळ' हा शब्द कुवेतच्या किंवा पोर्ट लुईच्या अधिकाऱ्याला कळत नाही. 'तांदळाच्या पिठाचा तळलेला पदार्थ' असे लिहिले तर कळते. १ जानेवारी २०२१ पासून जागतिक टपाल संघाच्या नियमांप्रमाणे परदेशी जाणाऱ्या मालाची माहिती आधीच विद्युत् मार्गाने पाठवावी लागते, म्हणून हे वर्णन आता फार महत्त्वाचे झाले आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. खसखस आपल्याकडे स्वयंपाकातली साधी जिन्नस असली तरी संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती निषिद्ध आहे. आखातात कोठेही अनारसे पाठविताना खसखस टाळलेलीच बरी; नाही तर उशिराचे सोडाच, घेणाऱ्याच्याच गळ्याशी यायचे.

तारखेचा शब्दही जपून द्यावा. 'दहा दिवसांत मिळेल' असे सांगणारी बाई आपल्या हाती नसलेल्या गोष्टीचे वचन देते. तिच्या हाती फक्त टपालात टाकण्याचा दिवस असतो. तो तिने नक्की सांगावा, पावती त्याच दिवशी गिऱ्हाइकास धाडावी, आणि पोचण्याची मुदत सैल ठेवावी. दिवाळीचा डबा घटस्थापनेच्या सुमारास निघाला तर सुमारे महिना हाती राहतो. तेवढा काळ लाडू आणि सुक्या खोबऱ्याच्या करंज्या टिकतात, ओल्या नारळाचे काही टिकत नाही. गिऱ्हाइकानेही पंधरा दिवस आधी मागणी करून नंतर ओरड करू नये. अम्गऱ्याच्या गोदामात काम करणाऱ्याने शक्य तर शहरात राहणाऱ्या, दिवसा घरी असणाऱ्या ओळखीच्या माणसाचा पत्ता द्यावा.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी गेल्या वर्षभरात कोकणातून किंवा पुण्याहून काही मागविले असेल, त्यांनी टपालात टाकल्याची आणि हाती आल्याची अशा दोन तारखा, मालाच्या नावासह, आम्हांस कळवाव्यात. विक्रेत्याचे नाव नको. गणेशचतुर्थीपूर्वीच्या अंकात त्या तारखा आम्ही या पानावर छापू.