ऊर्जानगरवासीयांनो, ख्रिसमसचं झाड कुंपणाशी टाकू नका!

चंद्रपूर वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत राहणाऱ्या सगळ्यांना, आणि त्यातही ज्यांच्या क्वार्टरला मागे अंगण आहे त्यांना, ही कळकळीची विनंती. नाताळ झाला, थर्टी-फर्स्टही पार पडला. आता या आठवड्यात घराघरांतली ख्रिसमसची झाडं बाहेर निघतील. सुरूच्या वाळक्या फांद्या मागच्या भिंतीला टेकवल्या जातील, पार्टीतली उरलीसुरली हाडं त्याच बाजूला भिरकावली जातील आणि मग होळीपर्यंत तिकडे कुणी फिरकणार नाही. यंदा कृपा करून असं होऊ देऊ नका.

युरोप-अमेरिकेत नाताळ संपला की बरेच लोक जुनं झाड परसात उभं करतात. त्यावर दाणे, फळं, चरबीचे गोळे टांगतात, म्हणजे ऐन बर्फात पाखरांच्या पोटाला आधार होतो. पुढे तेच झाड कोपऱ्यात आडवं पडू देतात, त्याच्या आडोशाला लहानसहान जनावरं राहतात. कल्पना छान आहे. तिच्यातली निम्मी आपल्याकडेही चालेल. उरलेली निम्मी मात्र इथे जिवावर बेतू शकते.

कारण आपलं परस कुठे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. एकीकडे इरई धरण, दुसरीकडे दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी, आणि मोहर्लीच्या रस्त्याला लागलं की ताडोबाचं बफर. मधे विलायती बाभळीचं आणि घाणेरीचं रान माजलेलं. बिबट्याला इथे यायला ताडोबातून निघावं लागत नाही. या झुडपांत तो मुक्कामाला असू शकतो. अस्वलंही येऊन जातात. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्रातून ड्युटी संपवून सायकलने घरी निघालेला कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला आणि दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांच्या मुलाला उचललं. त्याच वर्षी मे महिन्यात दुर्गापुरातल्याच एका आईने काठीचे तडाखे घालून आपली चिमुरडी बिबट्याच्या जबड्यातून सोडवली. हे सगळं आपल्या हाकेच्या अंतरावर घडलं.

बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यतः कुत्री आणि डुकरं मिळतात म्हणून. आणि ती कशासाठी येतात? आपल्याच शिळ्या भातासाठी, पोळ्यांसाठी, चिकन-मटणाच्या हाडांसाठी. खरकटं भिंतीपलीकडे टाकलं की रात्री आधी कुत्री जमतात, मग डुकरं, आणि त्यांच्या मागावर तो. त्यात लपायला वाळक्या फांद्यांचा ढीग आयताच मिळाला, तर मागच्या दारापासून दहा पावलांवर त्याचा दबा धरून बसायचा बंदोबस्त आपणच करून ठेवला म्हणायचं. ‘बिचाऱ्या मुक्या जनावरांना चार घास’ ही भावना चांगली आहे, पण डुकराला, माकडाला, भटक्या कुत्र्याला घातलेला घास इथे शेवटी शेजारच्या पोराच्या अंगावर येऊ शकतो. माकडं तर एकदा सोकावली की हातातली पिशवीही ठेवत नाहीत.

मग खायला घालायचंच नाही का? घालायचं, पण पाखरांना. आणि त्यासाठी ते झाड खरोखर कामाचं आहे.

आपल्याकडे कुणी फर किंवा स्प्रूस आणत नाही. कुणाकडे सुरूची फांदी असते, कुणाकडे कुंडीतला अरोकेरिया, आणि बहुतेकांकडे प्लास्टिकचं झाड. प्लास्टिकचं पुसून खोक्यात ठेवा, पुढच्या वर्षी काढा. कुंडीतलं जगवा, त्याचा काही दोष नाही. उरली सुरूची फांदी. तिच्यावरची झगमगीत झालर, कापूस, बारीक तार आणि दोऱ्याचं शेवटचं टोकसुद्धा आधी काढून टाका. दोऱ्यात पाय अडकलेलं पाखरू तडफडून मरतं. संक्रांतीला नायलॉन मांजा काय करतो ते आपण दरवर्षी बघतोच. मग फांदी वाळू भरलेल्या डब्यात घट्ट रोवून गच्चीवर किंवा बाल्कनीत उभी करा. अंगणात जमिनीलगत नको. छत्तीसगडात दाराशी धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर टांगतात आणि चिमण्या येऊन ती टिपतात. आपल्या जिल्ह्यातही धानाला तोटा नाही. गावाकडून येताना मूठभर लोंब्या आणल्या तर तेवढ्या पुरतात. ज्वारी-बाजरीचं एखादं कणीस, अर्धं संत्रं, पपईची फोड, पिकलेला पेरू एवढं फांदीला सुतळीने बांधा. दुसऱ्या दिवशी बुलबुल येतील, साळुंक्या येतील, सातभाईंची टोळी कलकलाट करत उतरेल. खारूताईला आमंत्रणाची गरज नसते. चरबीचे गोळे मात्र आपल्याकडे नकोत. आपल्या दुपारच्या उन्हात ते पाघळतात, पिसांना चिकटतात. शेव, फरसाण, बिस्किटं, खारे दाणे हेही नकोत. बुरशी आलेले शेंगदाणे तर मुळीच नकोत, त्यांत विष असतं.

आणि थोडंच ठेवा. सकाळी मूठभर, संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच. दिवस मावळायच्या आत उरलंसुरलं आणि खाली सांडलेलं झाडून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतील, उंदरांमागे साप. शेजारी मातीच्या परळात पाणी ठेवा आणि परळ रोज घासा. साचलेल्या पाण्यात डासच होतात. आत्ता थंडीत पाण्याचं महत्त्व कुणाला पटणार नाही, पण चंद्रपूरचा मे महिना आपण सगळे काढतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दाण्यापेक्षा हे परळच पाखरांना जास्त तारतं. सवय आत्तापासून लावा, त्यांनाही आणि आपल्यालाही.

पंधरा-वीस दिवसांत फांदी तांबडी पडेल, काड्या गळू लागतील. तेव्हा ती भिंतीपलीकडे फेकू नका आणि पेटवूही नका. चंद्रपूरच्या हवेत आणखी धुराची भर कशाला? कोयत्याने बारीक तुकडे करून कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या आळ्यात पसरा. सुरूच्या काड्या सावकाश कुजतात, त्यामुळे उन्हाळ्यात आळ्यातली ओल टिकते. पार्टीतली हाडं आणि खरकटं झाकणाच्या डब्यात ठेवून सकाळी घंटागाडीतच द्या. रात्री ते बाहेर ठेवणं म्हणजे आवतण देणंच आहे.

झुडपं तोडा म्हणून आपण अर्ज करतो, ते करतच राहू. पण मागच्या दाराबाहेरची दहा पावलं आपली आहेत, त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट बघायला नको. संक्रांतीच्या आत प्रत्येक ब्लॉकने आपापलं मागचं अंगण मोकळं करावं. भरदिवसा जावं, दोघा-तिघांनी मिळून जावं, आधी काठी आपटून आवाज करावा आणि लहान पोरांना सोबत नेऊ नये. ढिगाआड जनावर दिसलं तर दगड मारू नका, मोबाइल काढून पुढे सरकू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे या, दार लावून घ्या आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.