सायलेन्सर खोलायचा की बाहेरचा पाईप घ्यायचा?



नववीच्या विज्ञानात ‘ध्वनीचा अभ्यास’ हा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. तो स्वाध्यायात नाही. “सर, कंपनीचा सायलेन्सर आतून खाली करून घ्यावा, की सरळ बाहेरचा पाईप बसवावा?” विचारणाऱ्या पोट्ट्याजवळ लायसन नसतं, गाडी मोठ्या भावाची किंवा काकाची असते, पण प्रश्न मनापासूनचा असतो. “बस खाली, अभ्यास कर” म्हणून त्याला गप्प करणं सोपं आहे. मग तो उत्तर शोधायला गॅरेजात जातो आणि तिथं त्याला उत्तरासोबत बिलही मिळतं. म्हणून माझं मत इथं लिहितो. पटलं नाही तर वर्गात भांडा, माझी ना नाही.

आधी ‘फटफटी’ या शब्दाकडे पाहा. आपल्या वऱ्हाडातले म्हातारे लोक अजूनही मोटारसायकलला फटफटीच म्हणतात. हा शब्द कानानं घडवलेला आहे, आणि त्यामागं चक्क गणित आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. एका सिलिंडरची बुलट आयडलिंगला मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर स्फोट झाले ५००, म्हणजे सेकंदाला साधारण ८. आपल्या कानाला अखंड सूर ऐकू यायला सेकंदाला किमान २० कंपनं लागतात. ८ म्हणजे त्याच्या खूप खाली. म्हणून कान त्याचा सूर करत नाही, एकेक ठोका सुटा मोजतो : फट, फट, फट. हीच गाडी ३००० फेऱ्यांवर नेली की सेकंदाला २५ स्फोट होतात, ठोके एकमेकांत मिसळतात आणि घरघर सुरू होते. जुन्या साडेतीनशेच्या बुलटमध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर होती. πr²h लावून पाहा, ३४६ घनसेंटिमीटर येतं की नाही! लांब धाव, जड फ्लायव्हील, म्हणून इंजिन सावकाश फिरायचं आणि ठोका सुटा पडायचा. कंपनीनं २०२० पासून आणलेल्या नव्या इंजिनात हे माप ७२ बाय ८५.८ झालं. आता सांगा, तो जुना ठोका सायलेन्सरची जाळी काढून परत येईल काय? ठोका इंजिनात असतो. जाळी काढल्यावर वाढतो तो फक्त गोंगाट.

आता सायलेन्सर म्हणजे काय ते. आपण सगळ्या नळकांड्यालाच सायलेन्सर म्हणतो, पण त्यात तीन गोष्टी आहेत. इंजिनातून निघून वाकत खाली येणारा बेंड पाईप, त्यापुढं बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि शेवटी जाड डबा. डब्यात कप्पे, भोकं पाडलेल्या नळ्या, काही गाड्यांत काचेची लोकर. गरम वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना पसरतो, लाटा भिंतींवर आपटून उलट्या येतात, एकमेकींना मारतात, आणि बाहेर येईस्तोवर दम निघून गेलेला असतो. पाठात परावर्तन शिकलात ना, तेच इथं कामाला लावलेलं आहे.

पोट्ट्यांचा सगळ्यात आवडता दावा असा, की जाळी काढली की इंजिन ‘मोकळं श्वास घेते’ आणि पिकअप वाढतो. यात थोडं खरं आहे, आणि थोडं खरं असलेली गोष्टच जास्त फसवते. रेसच्या गाडीत, एकदम वरच्या फेऱ्यांवर, मोकळ्या पाईपचा फायदा होतो. पण एक्झॉस्टमधून नुसता धूर जात नाही, दाबाची लाट जाते. ती पाईपच्या मोकळ्या टोकाशी पोचली की ओढणारी लाट होऊन परत इंजिनाकडे येते. वेळेवर पोचली तर उरलासुरला धूर खेचून काढते. अवेळी पोचली तर काम बिघडवते. ही वेळ पाईपच्या लांबी-रुंदीवर ठरते, आणि कंपनीनं ती रोज लागणाऱ्या मधल्या फेऱ्यांसाठी बसवलेली असते. आपण जाळी उपटली की ते गणित मोडलं. मग शंभर सीसीच्या गाडीवर मागं सरकीचं पोतं आणि पुढं पोरगं घेऊन शेताच्या चढावर निघालेल्या माणसाला गाडी दम टाकते असं वाटतं. आवाज दुप्पट झाला म्हणून ताकद वाढली असं वाटणं हा कानाचा भ्रम आहे. चढावर तो लगेच उतरतो.

टू-स्ट्रोकची गोष्ट याहून मजेदार आहे. यामाहा आरएक्स १०० (आपल्याकडे १९८५ ते १९९६) हिच्यासाठी अजूनही अमरावती-अकोल्यात लोक पागल आहेत. टू-स्ट्रोकमध्ये मधेच फुगणारा आणि पुढं निमुळता होणारा पाईप हा इंजिनाचाच भाग असतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात तो पाईप शास्त्रशुद्ध घडवला. त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये देश सोडून पळाला, ते ज्ञान सुझुकीकडे गेलं, आणि १९६२ मध्ये त्यानं सुझुकीला ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. पाईपच्या आकारात किती किंमत असते ते यावरून समजा! आणि आपण त्याच पाईपला छन्नी-हातोडी लावतो.

मग खोलायचा की नवा घ्यायचा? मोघम बोलत नाही. दोन वाईटांत कंपनीचा सायलेन्सर फोडणं हे जास्त वाईट. तो कापला, जाळी काढली, परत वेल्डिंग मारलं, की गेला. परत पहिल्यासारखा होत नाही. वेल्डिंगच्या जागी पावसाळ्यात गंज धरतो. त्यातून १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर कन्व्हर्टरला धक्का लागतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, आणि ते कार्बन मोनॉक्साईड आणि अर्धवट जळालेलं पेट्रोल निरुपद्रवी करतात. पाईपमधला ऑक्सिजन सेन्सर वायूचा वास घेऊन पेट्रोलचं माप ठरवतो. कुठं फट राहिली, बाहेरची हवा आत गेली, की सेन्सर फसतो, पेट्रोल जास्त सोडतो. मग अ‍ॅव्हरेज कमी झालं म्हणून रडायचं. चावी बंद-चालू करून ‘फटाके’ फोडणारे तर न जळालेलं पेट्रोल सरळ त्या गरम कन्व्हर्टरवर ओततात. तो आतून वितळतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

बाहेरच्या पाईपचं एवढंच बरं, की तो बोल्ट काढून उतरवता येतो आणि घरी कंपनीचा डबा शाबूत राहतो. पण बाजारात मिळतं काय ते पाहा. इंदोरी, पंजाबी, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन! नावं लय भारी, आत मात्र एक सरळ नळी. स्लोव्हेनियाच्या अक्रापोविचचं नाव छापलेले डबे दोन-तीन हजारांत लटकलेले दिसतात. अस्सल माल त्या भावात मिळत नाही, एवढं तर आपल्याला कळायला पाहिजे. चांगला पाईप बनवणारेही आपल्या देशात आहेत, पण त्यासोबत इंजिनाचं पेट्रोलचं मापही नव्यानं बसवावं लागतं. ते कोण करतो? काही पाईपांत ‘डीबी किलर’ नावाची छोटी बुच असते. दुकानातून निघाल्यावर पहिलं काम म्हणजे ती काढून फेकणं. म्हणजे मुद्दा पिकअपचा नव्हताच.

आवाजाचं गणितही करून टाकू. दुचाकी कारखान्यातून बाहेर पडताना ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० ही मर्यादा आहे. आता ८० च्या जागी १०० झाले तर “वीसच तर वाढले” असं वाटतं. पण डेसिबलची पट्टी साधी नाही. दर १० डेसिबलला तीव्रता दहापट होते. २० वाढले म्हणजे शंभरपट. म्हणजे कंपनीच्या सायलेन्सरच्या शंभर बुलटा राजकमल चौकात एका जागी उभ्या केल्या तर जेवढी ध्वनीची तीव्रता, तेवढी एकटा पोट्टा घेऊन फिरतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, दवाखाने-शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ४० ची. अमरावतीचं डफरीन काय किंवा अकोल्याचं लेडी हार्डिंग काय, आत कालची जन्मलेली लेकरं असतात. त्यांना कान झाकता येत नाहीत. आणि चालवणाऱ्याचं काय? ८५ डेसिबलच्या वर रोज तासन् तास राहिलं की कानातल्या बारीक केसपेशी मरतात, त्या परत येत नाहीत. गाडीचा आवाज सगळ्यात जवळून तोच ऐकतो बाप्पा!

कायदा दोन्ही वाटांना एकच मापानं मोजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रूपात मनमानी बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाज-धुराचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि लायसन तीन महिने बाद. मालक म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे तो. बहुतेक वेळा बाप. हे पोट्ट्यांनी नीट वाचावं.

राज्यात ठिकठिकाणी पोलीस जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात. फोटो छान येतो. मला मात्र त्यात अर्धं काम दिसतं. डबा चिरडला, पण तो विकणारा दुसऱ्या दिवशी तसाच डबा लटकवून बसतो. चौकातल्या पोट्ट्याला जेवढं विचारतात, त्याच्या निम्मं तरी दुकानदाराला विचारलं पाहिजे. आणि मिस्त्रीलाही नुसतं शत्रू समजून भागणार नाही, कारण त्याचं पोट त्यावर आहे. गिऱ्हाईकानं जाळी काढायचे पैसे देणं थांबवलं तर तो तेच हात टॅपेट आणि चेन सेट करायला वापरेल.

खरंच पैसे खर्चायचे असतील तर आधी एअर फिल्टर, प्लग, चेन, टायरची हवा पाहा. पिकअप तिथं अडकलेला असतो. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. तेवढ्या चांगल्या रस्त्यावर नीट ट्यून केलेली गाडी मूर्तिजापूरपर्यंत कशी सुळकन जाते ते अनुभवा. सायलेन्सरचा आकारच आवडत नसेल तर शोरूममध्ये कंपनीनं त्याच मॉडेलसाठी मान्य केलेला पर्याय आहे का विचारा, आणि बिलासोबत मान्यतेचा कागद मागा. कागद नाही म्हटलं की उठायचं.

जुन्या डब्याला गंजून भोक पडलं असेल तर ते वेल्डिंगनं बुजवणं म्हणजे दुरुस्ती, त्याला कोणी बदल म्हणत नाही. आरएक्सवाल्यांचा पाईप काजळीनं भरला तर मिस्त्रीकडून साफ करून घ्यावा, कापू नये. आणि एक राहिलं. कंपनीच्या डब्याच्या बुडाशी बारीक भोक असतं, तिथून पाण्याचे थेंब पडतात. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, ते बाहेर जायला ती वाट ठेवलेली असते. ‘लिकेज’ समजून त्यात एमसील भरू नका.